अनामिकांचा इतिहास : मद्यमुक्तीच्या स्वयंसाहाय्य गटांचा ऐतिहासिक मागोवा (१८४० ते १९८६)

बीजसंज्ञा : मद्यपाश, संयम चळवळ, दारूबंदी, स्वयंसाहाय्य गट, अनामिकता, व्यसनमुक्ती.

प्रस्तावना

दारूचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने दारूबंदीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अबकारी कायदे, महसुलाचे आकडे, दुकानांवरील निदर्शने, सत्याग्रह, मंत्रिमंडळांचे निर्णय आणि न्यायालयीन निवाडे ही त्याची साधने होत. एम. फिल. पदवीसाठी मुंबई प्रांतातील दारूबंदीचा अभ्यास करीत असताना प्रस्तुत लेखकाने अशी पुष्कळ कागदपत्रे चाळली. त्यांत पिणारा माणूस आरोपी म्हणून येतो, परवानाधारक म्हणून येतो किंवा व्याख्यानातील करुण उदाहरण म्हणून येतो. पिणे थांबवू पाहणारा आणि त्यासाठी आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाचा शोध घेणारा माणूस मात्र त्यांत सापडत नाही.

या उणिवेची जाणीव ग्रंथालयात झाली नाही, ती प्राध्यापक कक्षात झाली. विभागातील एक ज्येष्ठ सहकारी मद्यपाशात सापडले होते. त्यांचे तास आम्ही आपापसांत वाटून घेत असू, विद्यार्थ्यांना ‘सरांची प्रकृती बरी नाही’ असे सांगत असू आणि हे सारे आपण त्यांच्यावरील प्रेमापोटी करीत आहोत अशी आमची समजूत होती. अखेर एका सायंकाळी त्यांनीच वृत्तपत्रातील एका छोट्या जाहिरातीचे कात्रण पुढे केले. त्यावर एक दूरध्वनी क्रमांक होता. “तुम्ही लावता का? माझ्याने होत नाही,” एवढेच ते म्हणाले. पलीकडच्या गृहस्थांनी नाव, गाव, हुद्दा यांपैकी काहीच विचारले नाही. “ते स्वतः थांबवू इच्छितात ना?” असे विचारून त्यांनी बैठकीचा वार, वेळ आणि एका शाळेचा पत्ता सांगितला. ती बैठक खुली असल्याने सोबत येण्यास हरकत नाही, असेही ते म्हणाले.

हा एकच प्रश्न आणि नावाविषयीची ती उदासीनता कोठून आली, याचा शोध म्हणजे प्रस्तुत निबंध होय.

उद्दिष्टे व मर्यादा

१) मद्यपींनी मद्यपींसाठी चालविलेल्या गटांचा उगम व विकास तपासणे. २) ‘अनामिकता’ या तत्त्वामागील ऐतिहासिक कारणे शोधणे. ३) महाराष्ट्रातील दारूबंदीची परंपरा व स्वयंसाहाय्याची परंपरा यांतील भेद स्पष्ट करणे.

अभ्यासाची मुख्य मर्यादा विषयातच आहे. जी संघटना सदस्यांची नोंदवही ठेवत नाही, हजेरी घेत नाही आणि बैठकीत बोललेले बाहेर नेत नाही, तिचे दप्तर इतिहासकाराला मिळणार नाही. त्यामुळे येथे संस्थापकांचे प्रसिद्ध वृत्तान्त, संघटनेची प्रकाशित तत्त्वे व सार्वजनिक नोंदी यांचाच आधार घेतला आहे. खुल्या बैठकीतील निरीक्षणे संबंधितांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने दिली आहेत.

१. उपदेशाकडून अनुभवकथनाकडे

अमेरिकेत अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. बेंजामिन रश यांनी तीव्र मद्याच्या शरीरावरील परिणामांविषयी पुस्तिका लिहिली (१७८४) आणि अतिरेकी मद्यपानाकडे व्याधी म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे संयम चळवळ फोफावली. परंतु तिचे व्यासपीठ न पिणाऱ्यांचे होते. धर्मोपदेशक व प्रतिष्ठित नागरिक बोलत आणि पिणाऱ्याने ऐकावे अशी अपेक्षा असे. जो आधीच मद्याच्या आहारी गेला आहे तो सुधारण्यापलीकडचा आहे, असे गृहीत धरून नव्या पिढीला वाचविण्यावर तिचा भर होता.

हा क्रम २ एप्रिल १८४० रोजी बाल्टिमोर येथे उलटला. एका मद्यगृहात नेहमी बसणाऱ्या सहा जणांनी मद्यत्यागाची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टन टेंपरन्स सोसायटी’ स्थापन केली. ही मंडळी शिंपी, सुतार, लोहार अशा कारागीर वर्गातील होती. त्यांच्या सभेत व्याख्यान नसे. जो तो उठून आपली कहाणी सांगे आणि श्रोत्यांतील पिणाऱ्याला पुढे येण्याचे आवाहन करी. हा प्रयोग अल्पावधीत इतर शहरांत पसरला. स्त्रियांनीही ‘मार्था वॉशिंग्टन’ मंडळे काढली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी स्प्रिंगफील्ड येथे या मंडळींपुढे भाषण करताना तरुण अब्राहम लिंकन यांनी मद्यपींचा धिक्कार करण्याची जुनी रीत अनुचित आणि निष्फळ असल्याचे सांगितले. स्वतः त्या मार्गाने जाऊन आलेल्यांचे मन वळविणे अधिक परिणामकारक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तथापि, ही चळवळ दशकभरही टिकली नाही. तिला नियम नव्हते आणि मर्यादाही नव्हत्या. पिणारे, न पिणारे, राजकारणी, व्यावसायिक वक्ते अशा सर्वांना तिचे व्यासपीठ खुले झाले. सक्तीची दारूबंदी हवी की मनपरिवर्तन, या वादात ती ओढली गेली. नामांकित वक्त्यांपैकी कोणी पुन्हा पिऊ लागला की त्याची बातमी होई आणि साऱ्या चळवळीची अप्रतिष्ठा होई. या अपयशाचे महत्त्व पुढे शंभर वर्षांनी कळले.

२. अ‍ॅक्रन, १९३५

अमेरिकेत राष्ट्रीय दारूबंदी १९२० मध्ये लागू झाली व १९३३ मध्ये उठली. पिणारा आहे तेथेच राहिला. याच काळात न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम करणारे बिल विल्सन मद्यपाशात पूर्णपणे सापडले होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये त्यांचा एक जुना पिणारा मित्र, एबी थॅचर, त्यांना भेटावयास आला आणि समोर ठेवलेला प्याला त्याने नाकारला. फ्रँक बुकमन यांच्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक मंडळात आपणास वाट सापडली, असे त्याने सांगितले. आत्मपरीक्षण, दोषांची कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई आणि इतरांची सेवा ही त्या मंडळाची साधना होती. डिसेंबर १९३४ मध्ये विल्सन रुग्णालयात दाखल झाले आणि त्यानंतर त्यांनी मद्याला स्पर्श केला नाही.

पुढील पाच महिने त्यांनी अनेक मद्यपींना उपदेश केला, पण एकही सुधारला नाही. त्यांचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी सल्ला दिला की, आध्यात्मिक अनुभव बाजूला ठेवावा आणि आधी आजाराचे स्वरूप सांगावे. मे १९३५ मध्ये कामानिमित्त विल्सन ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे गेले. काम फसले. परक्या गावात, हॉटेलच्या दालनात ते एकटे होते आणि जवळच्या मद्यगृहातील गलका त्यांच्या कानी येत होता. त्या क्षणी त्यांना उमगले की, आपले उपदेश इतरांच्या उपयोगी पडले नसतील, पण त्यांनी आपल्याला पाच महिने वाचविले. आता आपल्यालाच दुसऱ्या मद्यपीची गरज आहे. चर्चच्या यादीतून त्यांनी दूरध्वनी लावण्यास आरंभ केला. त्यातून हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंशी गाठ पडली आणि १२ मे रोजी त्यांच्या घरी शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अटीवर आले होते, पण बोलणे काही तास चालले. पूर्वी अनेकांनी त्यांना समजाविले होते. हा पहिला मनुष्य होता जो त्यांच्याविषयी न बोलता स्वतःविषयी बोलत होता. मध्यंतरी एकदा घसरण झाल्यावर डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचे मद्य घेतले. हाच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ए. ए. चा स्थापनादिन मानतात. दोघांनी लगोलग शहरातील रुग्णालयात तिसरा मद्यपी गाठला. तो व्यवसायाने वकील होता.

एप्रिल १९३९ मध्ये सुमारे शंभर सदस्यांच्या अनुभवावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्याच नावावरून संघटनेला नाव मिळाले. प्रसिद्ध ‘बारा पायऱ्या’ त्यात आहेत. मद्यापुढील हतबलतेची कबुली ही त्यांतील पहिली पायरी आणि हा निरोप दुसऱ्या मद्यपीपर्यंत पोहोचविणे ही शेवटची. १ मार्च १९४१ रोजी ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ मध्ये जॅक अलेक्झांडर यांचा लेख आला आणि सुमारे दोन हजारांची सदस्यसंख्या वर्षअखेर आठ हजारांच्या घरात गेली. मद्यपींच्या पत्नी व कुटुंबीय यांच्यासाठी लोईस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये ‘अल्-अ‍ॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना उभी राहिली.

३. अनामिकतेचे राजकारण व नीती

सदस्य वाढताच जुने प्रश्न नव्याने उभे राहिले. सदस्य कोणाला करावे? देणग्या घ्याव्यात काय? दारूबंदीच्या बाजूने बोलावे काय? या टप्प्यावर विल्सन यांनी वॉशिंग्टन मंडळींच्या ऱ्हासाची नोंद घेतली आणि १९४५ मध्ये त्याविषयी लिहिले. १९४६ मध्ये त्यांनी ‘बारा परंपरा’ मांडल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँड येथील अधिवेशनात त्या स्वीकारल्या गेल्या. इतिहासातून धडा घेऊन एखाद्या संघटनेने आपली घटना बनविल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

त्यांचा आशय असा : सदस्यत्वासाठी मद्य सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. प्रत्येक गट स्वायत्त असून बाहेरची देणगी न घेता स्वतःच्या वर्गणीवर चालतो. संघटना बाह्य वादांवर मत देत नाही. वृत्तपत्रे व इतर माध्यमांसमोर सदस्य अनामिक राहतो.

अनामिकतेचा अर्थ सर्वसाधारणपणे अब्रू राखणे असा घेतला जातो. तो पहिला अर्थ खराच आहे, कारण ओळख उघड होण्याच्या भीतीने माणूस बैठकीला येतच नाही. परंतु परंपरांमध्ये आणखी दोन अर्थ सामावले आहेत. एक संघटनात्मक आहे. कोणीही व्यक्ती चळवळीचा चेहरा नसेल, तर एकाच्या घसरणीने चळवळ कोसळणार नाही. दुसरा नैतिक आहे. नावाबरोबर पद, पदवी, जात आणि प्रतिष्ठाही दाराबाहेर राहते. बिल विल्सन यांनी १९५४ मध्ये येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी नाकारली, ती याच भूमिकेतून.

४. महाराष्ट्र : बंदी, नाटक आणि गट

महाराष्ट्रातील मद्यविरोधी विचार जुना व समृद्ध आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई प्रांतात दारू हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन बनले. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध आवाज उठविला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निदर्शने झाली. काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीस मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान दिले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून लागू झालेली दारूबंदी हे लोकचळवळीचे फळ आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी मात्र २०२१ मध्ये उठली. या साऱ्या परंपरेत दारू हा शत्रू आहे आणि राज्यसंस्था किंवा समाज हा लढवय्या आहे. स्त्रियांचे दुःख तिने वेशीवर टांगले, हे तिचे श्रेय वादातीत आहे. परंतु दुकान बंद झाल्यावरही ज्याची तलफ बंद होत नाही, त्याच्याशी बोलायचे कोणी, या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते.

हा प्रश्न मराठीत प्रथम ठळकपणे मांडला तो नाटकाने. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याकडे आपण सिंधूच्या पातिव्रत्याची शोकांतिका म्हणून पाहतो. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो. पण प्रतिष्ठितांच्या दारी त्याला अवहेलना मिळते, घरी करुणा आणि अश्रू मिळतात, तर पिणाऱ्यांचा मेळावा त्याच्यापुढे पुन्हा प्यालाच धरतो. त्या नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरामंडळ’ आहे. पिणाऱ्यांची ती एकमेव संघटना, आणि ती पिण्यासाठी आहे. न पिण्यासाठी जमलेल्या पिणाऱ्यांचे मंडळ गडकऱ्यांच्या काळी महाराष्ट्रातच काय, जगातही फारसे कोठे नव्हते.

ए. ए. चा भारतातील आरंभ १९५७ मध्ये झाला असे मानतात. पुढे मुंबई हे तिचे महत्त्वाचे केंद्र बनले. महानगरातील इंग्रजी जाणणाऱ्या वर्तुळातून ती हळूहळू प्रादेशिक भाषांत उतरली. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. त्यात बारा पायऱ्यांना योगसाधनेची जोड मिळाली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. ‘गर्द’ च्या विळख्याविषयी अनिल अवचट यांनी केलेले लेखन, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक साहाय्य आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचे नेतृत्व यांतून ते उभे राहिले. येथील वैशिष्ट्य असे की, व्यसनातून बाहेर आलेले मित्रच पुढे समुपदेशक व कार्यकर्ते झाले, उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या गटांना महत्त्व आले आणि ‘सहचरी’ या नावाने पत्नींचा गटही उभा राहिला. बाल्टिमोर आणि अ‍ॅक्रन येथे गवसलेले सूत्र मराठीत रुजले ते या रीतीने.

५. परिणामकारकता व आक्षेप

या गटांवर आक्षेपही आहेत. पायऱ्यांतील ईश्वरविषयक भाषा नास्तिकाला अडचणीची वाटते. ‘आपापल्या समजुतीप्रमाणे ईश्वर’ अशी सवलत मूळ ग्रंथातच असली, तरी तिने सर्वांचे समाधान होत नाही. आरंभीचे गट प्रायः गोऱ्या मध्यमवर्गीय पुरुषांचे होते. आजही आपल्याकडील बैठकीत स्त्री क्वचितच दिसते. स्त्रिया पीत नाहीत असा याचा अर्थ नाही. त्यांना उघड होण्याचे मोल अधिक द्यावे लागते.

परिणामांविषयी शास्त्रीय मत दीर्घकाळ साशंक होते. २००६ च्या कॉक्रेन आढाव्यात ठोस पुरावा आढळला नव्हता. २०२० च्या नव्या आढाव्यात मात्र २७ अभ्यास व १०,५६५ सहभागी विचारात घेतले गेले. ए. ए. कडे सुनियोजितपणे वळविणारे उपचार संपूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात नमूद आहे. तथापि गट हा वैद्यकीय उपचारांना पर्याय नव्हे. दीर्घकाळ व अतिरिक्त पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास झटके, वातभ्रम असे प्राणघातक परिणाम संभवतात. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढणे आवश्यक ठरते.

६. एका खुल्या बैठकीची नोंद

शाळेतील चौथीच्या वर्गात, मुलांच्या ठेंगण्या बाकांवर पंधरा-सोळा जण बसले होते. कोणी ट्रकचालक वाटत होता, कोणी बँकेतला, तर एक निवृत्त फौजदार असावेत. प्रत्येक जण नावाचा पूर्वार्ध आणि ‘मी मद्यपी आहे’ एवढे सांगून बोलू लागे. मध्येच कोणी कोणाला सल्ला दिला नाही. कोणी वाद घातला नाही. एक जण म्हणाला, “आज एकशे अकरावा दिवस. पण मोजायचा आजचाच.” आमच्या सरांनी त्या दिवशी काहीच सांगितले नाही. तीस वर्षे वर्गात बोललेला तो माणूस खाली मान घालून ऐकत होता. निघताना चहा देणाऱ्या मुलाने एवढेच विचारले, “परत येणार ना, सर?”

सर चार महिने नियमित गेले. त्यानंतर एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी आम्ही सवयीने त्यांचे तास वाटून घेऊ लागलो, तर त्यांनी स्वतः प्राचार्यांना रजेचे खरे कारण लिहून कळविले आणि सायंकाळी पुन्हा त्याच वर्गात जाऊन पहिला दिवस मोजला. हा निबंध लिहिण्यास अनुमती मागितली तेव्हा ते म्हणाले, “लिहा. पण नाव नको. लाज वाटते म्हणून नव्हे, तिथला नियम आहे म्हणून.” अनामिकतेच्या तिन्ही अर्थांतील भेद ग्रंथांपेक्षा या वाक्याने अधिक स्पष्ट केला.

निष्कर्ष

१) मद्यमुक्तीच्या इतिहासात १८४० व १९३५ हे टप्पे निर्णायक होत. दोन्ही वेळी बोलणारा व ऐकणारा यांतील उच्चनीचता नाहीशी झाली आणि दोघेही एकाच व्याधीचे धनी ठरले.

२) अनामिकता हे केवळ लज्जेचे आवरण नाही. एका अयशस्वी चळवळीच्या अभ्यासातून आलेली ती विचारपूर्वक संघटनरचना आहे.

३) महाराष्ट्रातील दारूबंदी चळवळ व स्वयंसाहाय्य गट परस्परविरोधी नसून त्यांची कार्यक्षेत्रे भिन्न आहेत. एक बाटलीविषयी बोलते, दुसरा माणसाविषयी. आपल्या इतिहासलेखनाने पहिलीचीच दखल अधिक घेतली.

४) गटाचा शोध बहुधा मद्यपी एकट्याने घेत नाही. अ‍ॅक्रनमध्ये एका बाईंनी दूरध्वनी उचलला म्हणून पुढील भेट घडली. सभोवतालच्या माणसांनी झाकून ठेवणे थांबविल्याशिवाय ती वाट खुली होत नाही.

शेवटचा निष्कर्ष आपणा अध्यापकांच्या संदर्भात अधिक विचारणीय आहे. महाविद्यालयांत व्यसनमुक्ती सप्ताह साजरे होतात, विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतले जातात, प्रतिज्ञा दिली जाते. त्याच वेळी प्राध्यापक कक्षातील एखादी रिकामी खुर्ची आपण ‘प्रकृती’ या शब्दाने झाकतो. सरांचे तास आम्ही नऊ वर्षे वाटून घेतले. तो दूरध्वनी लावण्यास पाच मिनिटेही लागली नव्हती.